पाया भरण्याआधी थांबवलंत, म्हणून आभार

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. परड्यातली सुतारशाळा उभी राहिल्यापासून लोक मला लाकडाविषयी कमी आणि 'शेजाऱ्यांशी मिटलं कसं?' याविषयी जास्त विचारतात. रत्नागिरी जिल्ह्यात हद्दीवरून बोलणं तुटलेली दोन घरं नाहीत अशी वाडी शोधावी लागेल. आमचंही त्याच वाटेने निघालं होतं. ते थांबलं तुमच्यामुळे, आणि कसं थांबलं ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

त्या सकाळी चुना टाकून पायाची आखणी झाली होती, चिऱ्यांचा ट्रक रिकामा झाला होता. शेजारचे काका हद्दीवरचा दगडी गडगा ओलांडून आले आणि चुन्याच्या रेषेवर पाय ठेवून म्हणाले, "ही माती माझी." गवंड्याचा सल्ला तयारच होता: एकदा बांधून टाका, मग कोण पाडतंय! कुणी म्हणालं पोलिसांत अर्ज द्या, कुणी वकिलाचं नाव सुचवलं. तुम्ही आलात, कुणाशी काही न बोलता गडग्याच्या कडेने खाली वाकून चालत गेलात, मधेच बसलात आणि हाताने शेवाळ खरवडलंत. "तळचा थर बघ पोरी. हा काळा पडलाय, जुना आहे, आणि सरळ जातो. वरचे चिरे नंतरचे." गडगा मातीशिवाय नुसता रचलेला असतो, पावसात फुगून ढासळतो, आणि जो पुन्हा रचतो तो आपल्याला सोयीचा पडेल तिथे रचतो. त्यात कुणाचा कावा असायची गरज नसते. पन्नास-साठ वर्षांत हद्द अशीच सरकते. हे तुम्ही दोन्ही घरच्या माणसांसमोर एकाच आवाजात सांगितलंत, आणि पहिल्यांदाच कुणी कुणाला चोर म्हणायचं थांबलं.

मग म्हणालात, "पाया उघडा राहू दे. आधी हद्द कायम मोजणी." म्हणजे नोंदीप्रमाणे हद्द दाखवून देणारी सरकारी मोजणी.

तुम्ही भूमी अभिलेख खात्यात उभी नोकरी केलीत, तुम्हाला ते सोपं. आमच्या सात-बारावर मात्र डोंबिवली-बोरिवलीपर्यंत पांगलेल्या सहहिस्सेदारांची नावं. संमतीपत्राचा मसुदा तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलात, अर्ज ऑनलाइन भरताना शेजारी बसलात, चारी बाजूंचे लगतधारक कोण ते विचारून विचारून लिहून घेतलंत. 'नोटीस चुकीच्या माणसाला गेली तर मोजणीच्या दिवशी कुणीतरी हरकत घेणार' हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना सांगते. पण मला सर्वांत मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. तुम्ही आमच्या ओटीवरून उठून शेजारच्या काकांकडे गेलात आणि मोजणी व्हायच्या आतच त्यांना सांगून ठेवलंत की, निकाल पटला नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते, त्यावरही समाधान नसेल तर सुपर निमताना आहे, आणि अर्ज लिहायला तुम्हीच मदत कराल. अर्जदार मी, आणि दाद मागायची वाट तुम्ही त्यांना दाखवताय! घरात काहींना तेव्हा ते रुचलं नव्हतं. पण त्या दिवसापासून काकांनी तुमचा शब्द ऐकायला सुरुवात केली.

मोजणीच्या दिवशी तरुण भूकरमापक रोव्हर घेऊन आले. दांड्यावरचं ते यंत्र, उपग्रहावरून येणारे बिंदू, आणि बाजूला तुम्ही सातारा जिल्ह्यात ओढलेल्या साखळीच्या गोष्टी सांगताय: साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग म्हणजे 16 आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. त्या मुलाने एकदाही तुम्हाला अडवलं नाही, आणि तुम्ही त्याच्या कामात एकदाही बोट घातलं नाहीत. फक्त प्रत्येक खुणेपाशी दोन्ही घरांतलं एकेक माणूस उभं राहिलंच पाहिजे, एवढा तुमचा हट्ट. नोंदीची रेषा आणि गडगा मधोमध एकमेकांना छेदत होते. रस्त्याच्या टोकाला गडगा आमच्यात आलेला, ओढ्याकडे त्यांच्यात गेलेला, फरक जास्तीत जास्त दीड आणा, म्हणजे तीन फूट. तीन फुटांसाठी दोन घरांत दिवाळीचा फराळ जायचा थांबला होता.

क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत, हातात आल्यावर तुम्ही पुन्हा समजावलंत की खातं हद्द दाखवतं, ताबा काढून देणं त्यांचं काम नव्हे. नोंदीची हद्द आणि वहिवाट दोन्ही कागदावर आली, आता पुढचं तुम्ही दोघांनी ठरवायचं. तिथेच तुम्ही काकांना तो प्रश्न विचारलात, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता: "जमिनीचं बाजूला ठेवा. या बांधकामाने तुम्हाला नक्की काय त्रास होईल असं वाटतं?"

पागोळ्या. काकांच्या मनात पागोळ्या होत्या. माझ्या छपराचा उतार गडग्याकडे काढलेला, आणि पलीकडे त्यांचा गोठा. तुम्ही चौरंगावर बसून हिशेब मांडलात. छप्पर 20 फूट बाय 12 फूट, आपल्याकडे पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर, म्हणजे एका हंगामात 65,000 लिटरहून जास्त पाणी गोठ्याच्या भिंतीशी. आकडा ऐकल्यावर मला काकांचा राग दिसेनासा झाला, त्यांच्या ओल्यात उभ्या राहणाऱ्या म्हशी दिसायला लागल्या. उतार उलटा फिरवला, पन्हळ लावून पाणी आमच्याच माडांच्या आळ्यांत सोडलं. भिंत हद्दीपासून पाच फूट आत घेतली, म्हणजे पुढे रंग द्यायचा झाला तरी शिडी आमच्याच जागेत लागते. गडगा पाऊस संपल्यावर हद्दीच्या दगडांवरून नव्याने रचायचा, खर्च निम्मा-निम्मा. हे सगळं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, खाली साक्षीदार म्हणून तुमची.

आता सुतारशाळेविषयी, कारण ती बघायला तुम्ही अजून आला नाहीत. ओटीवर काम करत होते तोवर भुसा थेट चुलीपर्यंत जायचा. आता उत्तरेला मोठी खिडकी आहे, दिवसभर सावली न पडणारा उजेड मिळतो. बाक ऐनाच्या फळ्यांचा केला, त्याला शिकंजा बसवला, भिंतीवर करवती, पटाश्या, गुण्या, रेघ आखायची खतावणी आपापल्या जागी. वीज वेगळ्या मुख्य स्विचवरून घेतली, अर्थिंग स्वतंत्र. टेबल सॉ, म्हणजे विजेवरची मोठी करवत, मुद्दाम काकांच्या घरापासून सर्वांत लांबच्या भिंतीला ठेवला, आणि दुपारी एक ते चार नि संध्याकाळी सातनंतर तो लावायचा नाही असं मी आपणहून कबूल केलं. ते कागदावर नाही, पण पाळते. पावसाळ्यात मात्र लाकूड फुगतं, रंध्याच्या पात्यावर रात्रीत गंज धरतो, म्हणून पाती तेल लावून कापडात गुंडाळून ठेवावी लागतात. फणसाचं लाकूड पहिल्यांदाच मनाजोगतं वाळवता आलं. रंधा फिरला की आतला हळदीसारखा पिवळा रंग उघडा पडतो, आणि मला काम थांबवून बघत बसावंसं वाटतं. पहिला पाट काकूंसाठी केला. त्यांच्या गोठ्याचा दरवाजाही माझ्याकडेच आला आहे, आणि काकांनी मजुरीत घासाघीस केली नाही.

तात्या, तुम्ही मोजणीखातर किंवा धावपळीखातर एक रुपया घेतला नाहीत. रिक्षाचं भाडंसुद्धा द्यायला गेले तर रागावलात. माझी जागा मला मिळाली ही एक गोष्ट. पण तुम्ही मला शेजारीही परत मिळवून दिलेत, आणि त्याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही. म्हणून मला येतं ते करते आहे. तुमच्या घरी जुने नकाशे गुंडाळ्या करून कपाटावर ठेवलेले मी पाहिलेत, कडा फाटत चालल्या आहेत. त्यांच्यासाठी फणसाची पेटी करते, उथळ खणांची, म्हणजे नकाशे सपाट राहतील. नाही म्हणू नका. सर्वांत मोठ्या नकाशाची लांबी-रुंदी फुटांत कळवा (आण्यांत कळवलीत तरी चालेल, आता मला येतं), आणि खण किती हवेत तेही.

तुमची,
परड्यातली सुतारीण