चॅलेंजरचा निकाल दोन ओळीत तरी छापा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी मागूनच उघडतो, आधी क्रीडा पान मग बाकी सगळं. ग्रँडस्लॅम असलं की फोटोसकट अर्धं पान मिळतं, एरवी टेनिस म्हणजे कोपऱ्यात चार ओळी, त्या पण जोकोविच हरला तर. या मोठ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीवर एटीपी (पुरुष टेनिसपटूंची संघटना) च्या चॅलेंजर स्पर्धा असतात, वर्षभर चालूच असतात, त्यांचा निकाल काय आपल्याकडं कधी दिसत नाही बघा.

इटलीत बर्गामो म्हणून शहर आहे. बास्केटबॉल-व्हॉलीबॉलच्या हॉलमध्ये कोर्ट टाकून तिथं चॅलेंजर भरायची. फेब्रुवारी 2019 ला एक 17 वर्षांचं पोरगं वाइल्ड कार्डवर (म्हणजे रँकिंग पुरत नसताना आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर) तिथं आलं, रँकिंग साडेपाचशेच्या आसपास, आणि कप घेऊनच गेलं, फायनल 6-3, 6-1. यानिक सिनर! त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑर्टिसेईला परत चॅलेंजर जिंकला, ते पण इनडोअर. बर्गामोला तेव्हा विजेत्याला रँकिंगचे 80 पॉइंट, ग्रँडस्लॅमला 2000, आता एवढ्याशा 80 पॉइंटची बातमी कोण करणार म्हणा. जानेवारी 2024 ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला मेदवेदेवपुढं दोन सेट गमावून जिंकला तेव्हा मात्र सगळ्यांना तो कळला. आणि बर्गामोलाच 2021 ला होल्गर रुने जिंकला होता, वर्षभरात त्यानं पॅरिस मास्टर्सच्या फायनलला जोकोविचला हरवलं, तिथं पण डोक्यावर छप्परच. म्हणजे त्या एका हॉलची मागच्या विजेत्यांची यादी जरी कुणी नीट वाचली असती तरी पुढचं थोडंफार दिसलं असतं की.

इनडोअर म्हणजे नुसती पावसाची सोय नव्हे हो. वारा नाही, डोळ्यात ऊन नाही, सर्व्हिसचा बॉल वर टाकला की जिथं पाहिजे तिथंच येतो, त्यामुळं सर्व्हिस चांगली असलेल्याचं फावतं आणि रॅली लवकर संपते. आमच्या टिळकवाडीत जून-जुलैला काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. माझा भाचा सकाळी सहाला रॅकेटच्या आधी वायपर घेऊन सिमेंटच्या कोर्टवर उतरतो, बेसलाइनजवळचं शेवाळ खरवडतो, पाणी ढकलून होईपर्यंत परत सर येते आणि बॉल भिजून लाडवासारखा जड. गेल्या जुलैत पंधरा दिवसांत तीनदा खेळला बिचारा, तिसऱ्यांदा घसरून गुडघा फोडून घरी. छप्पर असलेले हॉल गावात आहेत, नाही असं नाही, पण तिथं लग्नं लागतात.

आपल्या जवळचंच बघा. बेंगळुरू ओपन, ही उघड्यावरची चॅलेंजर, 2017 ला सुमित नागलनं जिंकली, 2018 ला प्रज्ञेश गुणेश्वरननं. नागलनं 2024 ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं तेव्हा आमच्या कट्ट्यावर एकानं विचारलं, "हा कुठनं आला रे एकदम?" एकदम कुठला, आपल्याच राज्यात कप घेऊन गेला होता की! चॅलेंजरच्याही खालच्या आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा तर 2023 ला धारवाडात झाल्या, इथनं गाडीनं दीड तास, आणि मला कळलं ते सगळं आवरल्यावर, व्हॉट्सअॅपवर. राग आला तो त्याचाच.

तर फार काय मागत नाही. सोमवारच्या अंकात आदल्या आठवड्याच्या चॅलेंजरचा विजेता, हरलेला, स्कोअर, कोर्ट इनडोअर का बाहेरचं, आणि जमलं तर त्याच स्पर्धेचे मागचे दोन-तीन विजेते, एवढंच द्या. नागल किंवा दुसरं कुणी आपलं खेळत असेल तर पहिल्या राउंडला हरला तरी द्या. जागाच नसेल तर राशिभविष्याच्या खाली टाका, ते पण मी रोज वाचतोच.

आपला,
एक जुना वाचक
टिळकवाडी, बेळगाव