घर मातीतलं, घरपट्टी सिमेंटची

मा. संपादक साहेब,

गणपतीत आम्ही चाकरमानी गावाला पोचलो की दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीचे शिपाईकाका पावतीबुक घेऊन खळ्यात (अंगणात) हजर, कारण वर्षात घराचं कुलूप निघतं ते तेव्हाच. सिंधुदुर्गातलं लहानसं गाव आमचं, वाडीत निम्मी घरं बंदच असतात. यंदा बिल हातात घेतलं तर मागच्या वर्षी 640 असलेली घरपट्टी थेट 1,870, त्यात दिवाबत्ती आणि आरोग्य कर वेगळाच. काकांना विचारलं तर म्हणाले नवीन आकारणी झाली, माझ्या हातात काय नाय.

मग ग्रामसेवकांकडून (आता म्हणे ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) असेसमेंट उतारा (कर आकारणीचा) काढला, म्हणजे नमुना 8. त्यात आमचं घर "दगड विटांचे, सिमेंटचे पक्के", बांधकामाचं वर्ष 2009. आता घर बांधलं आजोबांनी 1962 ला, चिरे मातीत बसवून, आणि 2009 ला आम्ही फक्त बाहेरून प्लास्टर केलं आणि मागे संडास बांधला. मोजायला आलेल्या माणसाने बंद घराचं पुढचं प्लास्टर बघितलं आणि लिहून मोकळा झाला. मागे न्हाणीघराजवळ प्लास्टरचा पोपडा पडलाय तिथे चिऱ्यांच्या सांध्यात बोट घातलं तरी लाल माती भुसभुशीत खाली येते, ते बघायला कोण जाणार! वर गोठ्याची पडवी पण राहत्या घरात धरलीय, गुरं जाऊन पंधरा वर्षं झाली तिथे आता नुसती लाकडं आणि जुनं कणग पडलंय.

2015 च्या डिसेंबरात नियम बदलले तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते. जमिनीचं क्षेत्र गुणिले रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेल्या जमीन-किमतीचा) दर, अधिक बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (जुनेपणाची सूट), आणि मग वापराप्रमाणे भारांक, म्हणजे राहतं घर की दुकान त्यावरून ठरणारा गुणक. घर जितकं जुनं तितका घसाऱ्याचा फायदा जास्त, आणि मातीतलं घर असेल तर बांधकामाचा दर पण कमी. म्हणजे आमच्या उताऱ्यात दोन-तीनच रकाने चुकले आणि बिल जवळजवळ तिप्पट झालं, पण बिलावर यातलं काहीच नसतं, नुसता शेवटचा आकडा.

हरकती घ्यायची मुदत होती पण ती नोटीस लागली ऐन पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तेव्हा आम्ही डोंबिवलीत लोकलला लटकलेलो. वसुलीला बरोब्बर गणपती आठवतात, सुनावणीला का नाही आठवत? मे महिन्यात नाहीतर चतुर्थीला ठेवा ना, निदान वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशीचा फोटो तरी टाका, प्रत्येक घराचा एक तरी माणूस असतो त्यात.

शेवटी पंचायत समितीकडे अपील टाकलं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 मध्ये तशी सोय आहे, आणि तिथे नाही पटलं तर पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. वकील लागला नाही, साधा अर्ज, जुन्या पावत्या (आईने बिस्किटाच्या डब्यात जपलेल्या, 1974 पासूनच्या), सांध्यातल्या मातीचे फोटो आणि पोच म्हणून शिक्का मारलेली कॉपी. बिलाचे पैसे मात्र भरून टाकले, पावतीवर "हरकतीसह" लिहून घेतलं, थकबाकीदार म्हणून फळ्यावर नाव नको.

वाडीत सांगितलं तर अजून चार घरांचं तसंच निघालं, पण अपील करायला एकही तयार नाही. शेजारचे अण्णा म्हणतात, "अरे उताऱ्यावर पक्कं घर लागलंय ते राहू दे, उद्या भावकीत वाद झाला तर उपयोगी पडेल." किती वेळा सांगितलं की अण्णा नमुना 8 हा कराचा कागद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण पटत नाही त्यांना. दरवर्षी जास्तीचे हजार बाराशे भरतील पण उतारा हलवणार नाहीत.

आमची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, बुधवारी. रेल्वेचं वेटिंग 43 आहे आणि जाण्यायेण्याचा खर्च वाचणाऱ्या पट्टीपेक्षा जास्त होणार हे मिसेसने दोनदा ऐकवून झालंय. रजा टाकलीय.

– एक चाकरमानी, डोंबिवली