मंगळवारचं ठरवून टाकलंय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

दुर्बीण साफ होऊन आली, ती चिनूबरोबर पाठवतेय. पत्र मुद्दाम तिच्याच पेटीत ठेवलंय. टेबलावर ठेवलेलं पत्र बाबा लाइटबिलाखाली सरकवतात, आणि फोनवर विषय काढला की "थांब, हळद्या ओरडतोय" म्हणून फोन खिडकीबाहेर धरतात.

तर विषय तोच. येत्या मंगळवारी बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तारीख घेतली, पैसे भरले, मी रजा टाकली. बाबांना न विचारता ठरवलं, हो. विचारलं असतं तर "एप्रिल संपू दे" एवढंच उत्तर मिळालं असतं, आणि हे उत्तर मी दिवाळीपासून ऐकतेय. तेव्हा पट्टकदंब भिगवणला उतरायचे होते, मग ते उतरले म्हणून, मग सिंहगडाच्या खोऱ्यात निळे माशीमार दिसताहेत म्हणून. पक्षी काही कधी संपायचे नाहीत, बाबा.

आत्ता ऐन मोसम आहे, हे मला कळत नाही असं समजू नका. ही तारीख घेताना सगळ्यात जास्त तेच खुपत होतं. पण गेल्या रविवारी पंचवटीच्या बाजूने टेकडीवर चढलो तेव्हाचं आठवा. पांगाऱ्यावर भोरड्यांनी नुसता कल्ला मांडला होता. तुम्ही बराच वेळ दुर्बीण लावून उभे होतात आणि मग वहीत लिहिलंत: "भोरड्या, मोठा थवा. रंग फिका. यंदा कडा झिजलेल्या नाहीत." मी मागून वाचलं. हिवाळ्यात भोरडीच्या पिसांना मातकट कडा असतात, त्या झिजत जातात आणि परतायच्या सुमारास आतला गुलाबी अन् काळा रंग झळझळीत उघडा पडतो, हे आम्हाला शिकवलं कोणी? तुम्हीच. म्हणून मी चिनूच्या हातात दुर्बीण दिली. तो काय म्हणाला ते तुम्हीही ऐकलंत. "आजोबा, हे तर स्ट्रॉबेरी आइस्क्रीम आहे!"

कडा झिजल्यात, बाबा. फिकं पडलंय ते तुमच्या डोळ्यातलं भिंग. डॉक्टरबाईंनी सांगितलं की मोतीबिंदूत ते भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि सगळ्याच रंगांवर त्याची छटा चढते. ऑपरेशननंतर पेशंट पहिल्यांदा म्हणतात ते हेच, की भिंत एवढी पांढरी होती होय! यंदाच्या भोरड्या एप्रिलच्या मध्यापर्यंत कझाकस्तानाकडे निघून जातील, तिकडे नाकतोड्यांवर ताव मारायला. थांबलो तर त्या अशा फिक्याच जाणार. आत्ता केलं तर शेवटचे थवे तरी खऱ्या रंगात दिसतील. मग एप्रिलमध्ये डावा डोळा, मेमध्ये चष्म्याचा नंबर, आणि मेअखेरीला नवरंग यायला लागतील तेव्हा दोन्ही डोळे तयार. त्याच्या मागोमाग चातक. बघा, मी तुमच्याच वहीवरून तारखा लावल्यात.

दुसरं, स्कूटर. डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत तिची किल्ली माझ्याकडे राहील. पाषाणहून पक्षी बघायला कवडीच्या बंधाऱ्यावर जायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडून सोलापूर रोडला लागायचं, तेही अंधारात, ट्रकच्या गर्दीत. समोरच्या दिव्याभोवती कडी दिसतात हे तुम्ही आईला सांगितलंत, मला नाही. आणि हडपसरवरून जाता, पण आमच्याकडे चहालासुद्धा थांबत नाही, कारण थांबलात तर मी स्कूटर ठेवून घेईन ही भीती. (घेतलीच असती.) साताऱ्याच्या आत्यांचं झालं तेव्हा आपण सगळे काय म्हणालो होतो, ते आता लिहीत नाही.

कवडी बंद नाही हं. पहिली तपासणी झाली आणि डॉक्टरबाईंनी परवानगी दिली की मी गाडीने नेईन. चक्रवाक तोवर थोडे तरी उरतील, आणि पिवळे धोबी तर निघण्याआधीच खरे पिवळे होतात. फक्त बंधाऱ्याच्या दगडांवर उतरायचं नाही. तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, त्यावरून माझाही पाय घसरतो. काठावर खुर्ची टाकून बसायचं आणि मी सांगेन ते लिहायचं. मी तुतारी पक्ष्याला टिलवा म्हटलं तर हसा, पण उठून पुढे जाऊ नका.

मला त्या काठाची आठवण आली की थंडी आठवते. स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचात, माझे कान तुमच्या मफलरमध्ये. दुर्बीण माझ्या पोटावर आपटायची म्हणून पट्ट्याला दोन वेढे देऊन माझ्या गळ्यात घालायचात आणि कानात सांगायचात, "आधी पक्षी डोळ्यांनी धर, मग डोळे न हलवता दुर्बीण वर आण." मला कितीतरी दिवस नुसतं धुकंच दिसायचं, तरी मी "दिसला, दिसला" म्हणायचे. तुम्हाला ते कळत असणार. आई डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढेपर्यंत आपण दोघं त्या न दिसलेल्या पक्ष्याबद्दल बोलत बसायचो.

आता आई, तू ऐक. ऑपरेशन थेंब घालून भूल देऊन करतात, अर्ध्या तासाच्या आत आटोपतं, त्याच दिवशी घरी. हलका नाश्ता करून या असं सांगितलंय, तेव्हा तू उगाच त्यांना उपाशी ठेवू नकोस आणि स्वतः उपास धरू नकोस. साखरेचा रिपोर्ट सोमवारी हवा. त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून ठेव, प्रोस्टेटचीसुद्धा. त्या गोळीने डोळ्याची बाहुली नीट उघडत नाही, डॉक्टरांना आधी कळावं लागतं. बाबा, लाजून ती लपवू नका. नंतर थेंबांचं वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवीन. डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, खाली वाकून चप्पल शोधायची नाही, आणि मिरचीची फोडणी देताना त्यांना बाल्कनीत पाठवायचं. बाल्कनीतली आरामखुर्ची मी सावलीत सरकवून देईन. तांबट आणि शिंजीर तिथूनही दिसतात, काळा चष्मा घालून.

एक गोष्ट बाईंना खास विचारून घेतली. दुर्बीण लावायला त्यांची हरकत नाही, पण पहिले काही आठवडे तिचं रबर डोळ्याला टेकवायचं नाही. हे मी चिनूलाही सांगून ठेवलंय, आणि तो मोठा कडक आहे.

मंगळवारी रात्री मी तिकडेच राहणार आहे. माझी उशी शोधून ठेव, आई, ती चपटी.

मंगळवारी पावणेसातला येते. खाली येऊन उभे राहू नका, मी वर येईन. वही आणा खुशाल, वेटिंग रूमच्या खिडकीबाहेर गुलमोहर आहे.

तुमची,
मीनू

ता. क. देव्हाऱ्याच्या खणातली स्कूटरची दुसरी किल्ली शोधू नका. परवाच ती माझ्याकडे आली. कोणी दिली ते विचारायचं नाही, आणि दोन दिवस जेवणावर राग काढायचा नाही.