साहित्य भरपूर झालं, आता चुकीची उत्तरं छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. शिक्षकांसाठी टिप्स आणि वर्गात वापरायचं साहित्य हा विषय तुमच्या पुरवणीत अधूनमधून येतो, मी तो नेमाने वाचते, त्यातलं काही कापून टाचणाच्या वहीत चिकटवतेसुद्धा, म्हणून जरा हक्काने लिहितेय. रंगीत तक्ते, खेळ, पीपीटी, अ‍ॅप, क्यूआर कोड या सगळ्याची त्यात रेलचेल असते. पण मुलं नेमकं काय चुकीचं समजून बसलेली असतात हे काही कुठे वाचायला मिळत नाही. आणि मला विचाराल तर वर्गात उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच.

उदाहरणच देते. दशांश अपूर्णांक शिकवून झाले की आपण फळ्यावर लिहितो, ०.८ आणि ०.३५ यात मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात कारण ८ पेक्षा ३५ मोठे, हे तर जवळपास प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. पण ज्यांनी ०.८ सांगितलं त्यांना समजलंय असं आपण धरून चालतो ना, तिथेच खरा घोळ आहे. काही मुलांच्या डोक्यात बरोबर उलटा नियम बसलेला असतो, की दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या लहान, कारण शतांश सहस्रांश म्हणजे बारीक बारीक तुकडे, मग ते लहानच असणार. या मुलांचं उत्तर बरोबर येतं, पूर्ण मार्क मिळतात, आणि चुकीची समजूत आरामात पुढच्या इयत्तेत जाते. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी मुलांच्या या दोन्ही समजुतींवर बरंच काम केलंय. आता हाच प्रश्न जरा बदलून विचारा, ०.४, ०.४५ आणि ०.३७५ यात सगळ्यात मोठी कोणती? लांब म्हणजे मोठी असं मानणारं मूल ०.३७५ म्हणणार, लांब म्हणजे लहान असं मानणारं ०.४ म्हणणार आणि ज्याला कळलंय ते ०.४५ म्हणणार. फक्त आकडे बदलले, ना प्रिंटआउट ना प्रोजेक्टर, आणि मिनिटभरात वर्गाचे तीन गट समोर दिसले.

पुढे काय करायचं हेही लगे हात सांगते. शेवटी शून्यं लावून अंक सारखे करा, ०.४०० ०.४५० ०.३७५, ही युक्ती दिली की उत्तरं पटापट बरोबर यायला लागतात, पण त्याने समज बदलेलच असं नाही, मुलं परत पूर्ण संख्या असल्यासारखीच तुलना करत राहतात. संख्यारेषेवर त्या संख्या ठेवायला लावणं जास्त बरं, ०.३ आणि ०.५ च्या मधे जागा करा म्हणावं आणि का ते शेजारच्याला सांगा. आणि कृपा करून आपण मोठ्यांनी "शून्य पॉइंट तीनशे पंच्याहत्तर" असं वाचणं बंद करावं, "शून्य दशांश चिन्ह तीन सात पाच" म्हणावं, निम्मा गोंधळ आपल्याच तोंडून जातो असं माझं मत आहे.

असाच आणखी एक प्रश्न, ८ + ४ = ▢ + ५, चौकटीत काय येईल? मुलं १२ लिहितात नाहीतर १७, कारण बरोबर चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असंच त्यांना वाटत असतं, दोन्ही बाजू सारख्या आहेत हे त्या चिन्हात त्यांना दिसतच नाही. ७ लिहिणारं मूल पुढे बीजगणितात अडखळायची शक्यता कमी.

बरं, असा प्रश्न विचारला तरी उत्तर कोणाकडून घ्यायचं? हात वर करा म्हटलं की तेच ते चारपाच हात वर येतात आणि त्यांच्या भरवशावर आपण पुढचा घटक सुरू करतो. सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दाखवायचं, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडतो. पर्याय असतील तर बोटं, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि बोटं छातीशी धरायची म्हणजे शेजारचा बघून बदलत नाही. आकडा किंवा शब्द लिहायचा असेल तर पाटी, पाट्या नसतील तर प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये पांढरा कागद घालून वर मार्करने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं. सगळ्यांनी एकदम उचलायच्या, "तीन, दोन, एक, दाखवा". पहिले काही दिवस गोंगाट होतो, होऊ द्यावा.

आणि थांबावं. अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याकडे वळतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात, कारणासकट येतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. मुलाचं उत्तर आल्यानंतरही तसंच थांबायचं, लगेच "शाब्बास" किंवा "चूक" म्हणायचं नाही, हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. वाचायला सोपं वाटतं, पण वर्गात ते तीन सेकंद फार मोठे वाटतात हो, पोर्शन डोक्यावर असतो, दाराबाहेरून कोणी डोकावत असतं.

विज्ञानात तर चुकीच्या समजुतींची खाणच आहे. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या धडाधड म्हणून दाखवणाऱ्या मुलांना विचारा, झाडाच्या एवढ्या मोठ्या खोडातलं लाकूड कशापासून बनलं? मातीतून आलं, हे उत्तर हमखास मिळतं. इथे मी व्याख्या परत सांगत बसत नाही, व्हॅन हेल्माँटची गोष्ट सांगते. १७ व्या शतकातला हा शास्त्रज्ञ, त्याने २०० पौंड सुकवलेली माती कुंडीत घालून ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, ५ वर्षं फक्त पाणी घातलं, झाड भरलं १६९ पौंडांच्या वर आणि माती कमी झाली जेमतेम २ औंस. आकडे फळ्यावर लिहायचे आणि गप्प बसायचं. मातीचा दावा मुलं स्वतःच मागे घेतात, मग म्हणतात पाणी, आणि गंमत म्हणजे हेल्माँटनेही हाच निष्कर्ष काढला होता. त्याचंही पुरतं बरोबर नव्हतं, लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, पण एवढा मोठा माणूस आपल्यासारखाच विचार करत होता हे कळलं की मुलांना चुकायची लाज वाटत नाही आणि पुढची चर्चा जोरात होते.

मी साहित्याच्या विरोधात आहे असा अर्थ काढू नका. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेली फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत, आणि भूमितीसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर आहे. पण स्क्रीन चालू करून दाखवत सुटलं की मुलं नुसती बघतात, छान छान म्हणतात आणि विसरतात. बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने काय होईल ते लिहायचं, मग दाबायचं, मग आपलं का चुकलं ते बोलायचं. हे केलं नाही तर सिम्युलेशन काय आणि कार्टून काय, सारखंच.

उजळणीचंही तेच. धडा परत वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावावं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे विद्यार्थ्यांवर करून बघितलं, उतारा वाचल्यावर ५ मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तर पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. म्हणून तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न, एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, मार्क नाहीत, वहीच्या मागच्या पानावर. आणि हे प्रश्नही वरच्यासारखे निवडलेले असावेत, नुसती व्याख्या लिहा छाप नकोत.

वह्या तपासण्याबद्दल जास्त लिहीत नाही, फक्त एवढंच की मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात ज्यांना नुसता शेरा मिळाला ती मुलं सुधारली, आणि शेऱ्याबरोबर मार्कही दिले तेव्हा तो फायदा निघून गेला. मार्क दिसले की शेरा कोण वाचतो. आणि दृश्य, श्राव्य, कृतिशील अशी मुलांची वर्गवारी करून घ्यायचे ते फॉर्म आता खरंच थांबवावेत, त्याप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा नाही असं मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या आढाव्यात स्पष्ट लिहिलंय, तरी आपलं भरणं चालूच.

तर विनंती अशी. पुरवणीत दर आठवड्याला एक छोटी चौकट द्या, शिक्षकांकडून मागवा. त्यात प्रश्न जसाच्या तसा, मुलांकडून येणारं चुकीचं उत्तर त्यांच्याच शब्दात, त्यामागे ती काय विचार करतात, आणि कशाने ती समजूत हलली. मुलांची नावं नकोत, फोटो नकोत, सजावट तर अजिबात नको. अनुभवी शिक्षकांच्या डोक्यात अशी शेकडो उत्तरं साठलेली असतात, ती त्यांच्याबरोबरच निवृत्त होतात, आणि नवीन लागलेल्या शिक्षकाला पहिल्यापासून सगळं शोधत बसावं लागतं.

पहिली चौकट माझ्याकडून घ्या. प्रश्न: एक सेल आणि दोन सारखे बल्ब एकामागे एक जोडले तर कोणता जास्त उजळेल? मुलांचं उत्तर: "पहिला, कारण तो आधी करंट खातो, उरलेला दुसऱ्याला मिळतो." कशाने हललं: आधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घेतला, दोन्ही बल्ब सारखेच लागले तेव्हा "बल्बमध्येच फरक असेल" असं म्हणाली, मग बल्बांची अदलाबदल केली, सेल उलटा लावला, तरी तेच. असं एकामागे एक जोडलेल्या सर्किटमध्ये सगळीकडे करंट सारखाच असतो हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहिलं, त्याच्या आधी नाही.

आपली,
गणित आणि विज्ञान शिकवणारी एक वाचक