पालकसभा मुलांच्या हाती देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

बदलीचा आदेश आला आणि आपण दुसऱ्या तालुक्यात रुजूही झालात. निरोपाच्या कार्यक्रमात पालकांच्या वतीने आभार मानले गेले, परंतु आपण आमच्या मुलांसाठी नेमके काय केलेत हे तेथे सविस्तर सांगता आले नाही. ते इतर गावांतील पालकांना आणि शिक्षकांनाही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पालकसभेत शिक्षक बोलतात, पालक ऐकतात, प्रगतिपुस्तकावर सह्या होतात आणि ज्याच्याविषयी हे सारे चालते ते मूल बाहेर पटांगणात असते. आपण मुलाला सभेत आणलेत आणि बोलण्याचे काम त्याच्याकडे सोपवलेत. सत्रभरातल्या कामांतून प्रत्येकाने स्वतः निवडलेली कामे घरच्यांना समजावून सांगायची, आणि त्यांपैकी एक तरी आधी चुकलेले व नंतर स्वतः दुरुस्त केलेले असावे, अशी आपली अट होती. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. सुबक अक्षरातली वही कोणीही आनंदाने दाखवतो. आपला विचार कोठे अडला आणि कसा सुटला हे चारचौघांत सांगायला मात्र धीर लागतो. रोजच्या परिपाठात 'काल मला काय समजले' यावर मुलांना आळीपाळीने बोलते करून तो धीर आपण आधीच त्यांच्या अंगी बाणवला होता.

माझ्या चौथीतल्या मुलीने पर्जन्यमापकाचे काम निवडले होते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसवायचा आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवायची, एवढी ती कृती. तिच्या आणि मैत्रिणीच्या बाटलीतले आकडे जुळेनात, तेव्हा रुंद बाटलीत पाणी जास्त साठते म्हणून असे होते, असे तिने वहीत लिहिले. आपण ते खोडले नाहीत. दोन सरळ डबे शेजारी ठेवून पाहायला सांगितलेत. सरळ बाजूंच्या भांड्यात तोंड जितके रुंद तितकाच तळही रुंद असतो, त्यामुळे पाण्याची उंची सारखीच भरते; खोट होती ती बाटलीच्या खालच्या वळणदार भागात. मग त्या भागात आधीच पाणी भरून तिने शून्याची खूण वर घेतली. हे सर्व तिने सभेत माझ्या सासूबाईंना दाखवले. त्यांनी विचारले, "एवढ्या पावसानं विहिरीला पाणी येतं का गं?" मुलगी म्हणाली, "ते अजून मला माहीत नाही, आजी. बघून सांगते." आपण शेजारीच होतात, तरी उत्तर द्यायला पुढे आला नाहीत, याबद्दल विशेष आभार. त्यानंतर आजी-नातीने मिळून विहिरीतल्या पाण्याची पातळी दोरीने मोजायला सुरुवात केली आणि ती नोंदवही आजही घरात चालू आहे.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे केवळ परीक्षेवर न थांबता मुलाच्या सर्वांगीण प्रगतीची वर्षभर पारख, लागू झाले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचे व सहाध्यायींनी एकमेकांचे मूल्यमापन करणे अपेक्षित आहे, आणि आमच्याच सातारा जिल्ह्यात कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळागटाच्या, शाळांनी शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी वर्ग, म्हणजे मुले स्वतःच्या अनुभवातून शिकतात असे वर्ग, उभे केले. कागदावर वाट होतीच. एका वर्गात ती रोज चालून दाखवण्याचे कष्ट मात्र आपले होते, आणि तेही अध्यापनाखेरीज येणारी सगळी माहिती भरण्याची कामे सांभाळून.

काही पालकांना सुरुवातीला ही पद्धत पटली नव्हती. "गुण किती ते सांगा," असे ते स्पष्ट म्हणत. त्यांना आपण गुणही सांगितलेत, मात्र मुलाचे बोलणे ऐकून झाल्यावर. हा क्रम आपण कोणासाठीही बदलला नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही हीच पद्धत पुढे चालू ठेवण्याची विनंती नव्या गुरुजींना केली असून त्यांनी ती मान्य केली आहे. पुढील सभेची तारीख ठरली की कळवते. मुलांनी आपल्याला निमंत्रण स्वतः लिहिण्याचे ठरवले आहे.

आपली कृतज्ञ,
चौथीतल्या एका मुलीची आई