खोक्यावरचे २६० वॉट आणि नाकारलेली वॉरंटी

दिनांक : २ जून २०२५
नागपूर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
प्रोसेसर कूलर विभाग (आयातदार व वितरक),
मुंबई कार्यालय

विषय : प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या दुहेरी टॉवर कूलरचा सदोष पंखा, 'खोलीचे तापमान जास्त' म्हणून नाकारलेली वॉरंटी आणि हा कूलर २६० वॉट उष्णता पेलतो हा खोक्यावरील दावा

महोदय/महोदया,

आपल्या सेवा केंद्राने २६ मे रोजी मला पाठवलेले उत्तर दोनच वाक्यांचे आहे. या प्रोसेसरसाठी ९५ अंश तापमान सामान्य आहे, हे पहिले. खोली ३५ अंशांहून गरम असेल तर कूलरची वॉरंटी लागू होत नाही, हे दुसरे. पहिले वाक्य खरे आहे, पण मी ती तक्रार केलेलीच नव्हती; माझी तक्रार कूलरच्या मंद पंख्याची होती. दुसऱ्या वाक्यातली अट मी खोक्याच्या सहाही बाजूंवर, आतल्या माहितीपत्रकात, वॉरंटी कार्डावर आणि आपल्या संकेतस्थळावर शोधली. ती कुठेही छापलेली नाही.

मी घरूनच वास्तुविशारदांसाठी इमारतींची थ्रीडी दृश्ये आणि वॉकथ्रू (इमारतीत फिरून पाहिल्यासारख्या चित्रफिती) तयार करून देते. त्यासाठीच्या संगणकात रायझेन ९ ७९५०एक्स हा सोळा कोअरचा प्रोसेसर आहे. त्याच्या नावापुढे १७० वॉट लिहिलेले असले तरी सॉकेटमधून तो २३० वॉटपर्यंत वीज ओढतो, हे ठाऊक असल्याने मी कूलर जपूनच निवडला. आपल्या संकेतस्थळावर प्रोसेसरचे नाव टाकून पाहिले, तेव्हा या मॉडेलपुढे हिरवी खूण आणि 'ओव्हरक्लॉकिंगसाठीही वाव', म्हणजे प्रोसेसर नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवला तरी चालेल, असा शेरा आला. सीताबर्डीवरील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून जानेवारीत ५,८०० रुपये मोजून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर तो घेतला. पाण्यावरचा कूलर न घेता हवेवरचा घेण्याचे कारण साधे होते. त्यात पंप नाही, गळती नाही, बिघडलाच तर पंखा बिघडतो, आणि तीन वर्षांच्या वॉरंटीत तो बदलून मिळतो, असे मी धरून चालले होते.

एप्रिलच्या अखेरीस पंखाच बिघडला. दोन पंख्यांपैकी रॅमच्या बाजूचा, म्हणजे पुढचा. खोक्यावर वेग १८५० आरपीएम (मिनिटाला फेरे), दहा टक्के कमी-जास्त, असा छापला आहे. म्हणजे कमीत कमी १६६५ तरी हवा. हा पंखा पूर्ण वेगाला १२१० वर अडकतो आणि चालू होताना घरघरतो. मदरबोर्डवरची जागा बदलली, तरी तोच पंखा मंद. बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) वेगाचा आलेख सपाट शंभर टक्क्यांवर ठेवला, तरी तोच आकडा. शेवटी पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग ठरवणाऱ्या संकेताची, तार सोडून नुसते १२ व्होल्ट दिले. अशा जोडणीत पंख्याने आपोआप पूर्ण वेग घ्यायला हवा. त्याने १२१० च घेतला. या तपासणीचे चित्रीकरण मी पहिल्याच ईमेलला जोडले होते. उत्तर देणाऱ्याने ते उघडून पाहिल्याचे दिसत नाही, कारण उत्तरात 'पंखा' हा शब्दच नाही.

पंख्याचा वेग एवढा घटला की हवेचे प्रमाण दोन तृतीयांशाच्याही खाली जाते आणि दाब तर वेगाच्या वर्गाने घसरून निम्म्याहून कमी होतो. दाट पत्र्यांच्या हीटसिंकमधून (कूलरच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या भागातून) हवा रेटायला हा दाबच लागतो. त्यामुळे माझ्यासाठी हा आवाजाचा किरकोळ त्रास नाही.

आता तापमानाविषयी. माझी खोली गच्चीखालची आहे आणि मे महिन्यात दुपारभर स्लॅब तापतो. एसी आहे, पण भर दुपारी तो पुरा पडत नाही, म्हणून दुपारी डेझर्ट कूलरच चालतो. (त्याचा दमट झोत संगणकावर येऊ नये म्हणून टेबल मुद्दाम आडव्या भिंतीला आहे. आमच्या बोअरच्या पाण्याने ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तो मदरबोर्डवर बसलेला मला नको आहे.) अशा वेळी खोलीत ३८ अंश असतात. मी दोन वेगवेगळ्या तापमापकांनी मोजले. गेल्या वर्षी मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला होता, तेव्हापासून आम्ही इथे एकाच यंत्रावर विसंबत नाही.

९५ अंशांबद्दल आपल्या सेवा केंद्राने जे शिकवले, त्याच्या पुढचा भाग मी सांगते. हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ ला जाऊन तिथेच थांबतो आणि त्या तापमानात जेवढे वॉट पेलतील तेवढेच घेतो. त्यामुळे कूलर चांगला की वाईट हे अंशांवरून कळतच नाही, वॉटवरून कळते. रात्री एसी लावून खोली २५ अंशांवर आणली, तेव्हा आपल्या कूलरवर सदोष पंख्यासह १७८ वॉट टिकले. त्या जागी मित्राकडून आणलेला धडधाकट पंखा लावला, तर २०५. दुपारी ३८ अंशांत सदोष पंख्यावर १४५. आणि ग्राफिक्स कार्डही सोबत राबत असेल, माझ्या कामात ते राबतेच, तर त्याची ३०० वॉटची उष्णता कॅबिनेटमध्ये मिसळून कूलरच्या तोंडाशी ४७ अंशांची हवा येते आणि प्रोसेसर १२२ वॉटवर बसतो. वेग ५.१ गिगाहर्ट्झवरून ४.६ च्या आसपास उतरतो. एका चित्राला हे चालून जाते. वॉकथ्रूच्या हजारो फ्रेम रेंडरला टाकल्यावर मात्र सकाळी देण्याचे काम दुपारी जाते.

खोक्यावरच्या २६० वॉटचा हिशेब याच आकड्यांवरून होतो. धडधाकट पंखा, २५ अंशांची खोली, ९५ वर थांबलेला प्रोसेसर आणि २०५ वॉट, म्हणजे ७० अंशांची वाढ. वॉटमागे साधारण ०.३४ अंश. याच दराने २६० वॉटसाठी ८९ अंशांची वाढ लागते. म्हणजे आपला दावा या प्रोसेसरवर खरा ठरायला खोली ६ अंशांवर हवी. नागपुरात तेही अगदीच अशक्य नाही, डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत उतरला होता. पण त्या एका पहाटेसाठी कोणी कूलर विकत घेत नाही.

यातला थोडा अडथळा प्रोसेसरच्याच अंगचा आहे, हे मला मान्य आहे. चिपचे तुकडे लहान, वरचे धातूचे झाकण जाड, त्यामुळे उष्णता कूलरमधल्या हीटपाइपपर्यंत (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांपर्यंत) पोचायलाच अडखळते. मोठ्या चिपच्या एखाद्या प्रोसेसरवर याच कूलरला जास्त वॉट जमतीलही. पण मग प्रोसेसर आणि खोलीचे तापमान न सांगता सुटा २६० हा आकडा छापण्याला अर्थ काय राहिला? नॉक्टुआसारखी कूलर बनवणारी कंपनी आपल्या कूलरना असा वॉटचा एकच आकडा लावत नाही, प्रत्येक प्रोसेसरपुढे वेगळा शेरा देते. माझ्या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटवर चिपचे उष्ण तुकडे एका कडेला येतात म्हणून ती कूलर बसवायच्या ७ मिलिमीटर सरकवलेल्या पट्ट्याही विकते. आपल्या खोक्यातल्या पट्ट्या बरोबर मधोमध बसतात. दोन अंशांचा का होईना, तो फायदा आपणही चार स्क्रूंच्या खर्चात देऊ शकता.

आपण ईमेलमध्ये 'कॅबिनेटमधील हवेचा प्रवाह सुधारावा' असेही सुचवले असते तर मी ते मनावर घेतले असते. तसे सुचवले नाही. तरी मी ते केले आहे. पुढची काच काढून जाळीचे पॅनेल लावले, पुढून १४० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढतात, मागून एक बाहेर टाकतो, आणि जाळीवरची धूळ मी नियमाने झाडते. त्याने कूलरच्या तोंडाशी येणारी हवा ४७ वरून ४२ वर आली. धडधाकट पंखा उसना होता तोवर त्याच दुपारच्या भाराला १५५ वॉट टिकत होते, म्हणजे १२२ च्या तुलनेत चांगलाच फरक. थर्मल पेस्ट नव्याने लावून पाहिली, त्याने काही बदलले नाही. बायोसमध्ये इको मोड (कमी विजेची मर्यादा) लावून प्रोसेसर १४२ वॉटवर बांधला, तर खोली शांत राहते आणि वेगही थोडाच जातो. उन्हाळ्यापुरता तोच मार्ग मी सध्या धरला आहे. पण हे सगळे माझ्या बाजूचे प्रयत्न आहेत. त्यातल्या एकानेही आपला पंखा १२१० वरून १६६५ वर जात नाही.

३५ अंशांच्या अटीबद्दल मात्र मला स्पष्ट उत्तर हवे आहे. आपण हा माल भारतात आयात करता, विदर्भात अधिकृत विक्रेते नेमता आणि उन्हाळ्यात सवलतीच्या जाहिराती करता. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. चंद्रपूर, अकोला, जळगाव इथली मे महिन्यातली कोणतीही दुपार पाहा. एसी नसलेली खोली तिथे ३५ च्या खाली राहतच नाही. म्हणजे ही अट खरी असेल, तर महाराष्ट्राच्या निम्म्या भागात आपली तीन वर्षांची वॉरंटी प्रत्यक्षात पावसाळा आणि हिवाळ्यापुरतीच आहे, आणि हे विकताना सांगणे आपले कर्तव्य होते. अट खरी नसेल, तर आपल्या कर्मचाऱ्याने ती ऐनवेळी रचली आहे. शिवाय थंड हवेत, रात्री २५ अंशांतही, हा पंखा १२१० च फिरतो. त्याच्या दोषाचा उन्हाशी संबंध जोडताच येत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(१०) नुसार वस्तूच्या गुणवत्तेतील किंवा कार्यक्षमतेतील अशी उणीव म्हणजे दोष. खोक्यावरील दावा मला कलम २(२८) मधील दिशाभूल करणारी जाहिरात वाटतो. ही तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी तिथे शुल्कही लागत नाही. ५,८०० रुपयांच्या कूलरसाठी आपला वकील मुंबईहून तारखांना यावा, अशी माझी इच्छा नाही. आपलीही नसावी.

म्हणून मागणी अशी : सदोष पंख्याच्या बदल्यात त्याच मॉडेलचे दोन नवे पंखे द्यावेत. दोन का, तर जुन्या-नव्या जोडीचा वेग जुळला नाही की गुणगुण सुरू होते. येण्या-जाण्याचा कुरियरचा खर्च आपला असावा. ३५ अंशांची अट या ग्राहकास लागू नाही, असे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मिळावे. आणि २६० वॉट हा आकडा कोणत्या प्रोसेसरवर, किती तापमानाच्या खोलीत, पंख्यांच्या किती वेगाला मोजला, ते कळवावे. मोजलाच नसेल तर तसे कळवावे आणि संकेतस्थळावरची हिरवी खूण काढावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तोवर मृग लागलेला असेल आणि खोलीही गार होईल. त्या आधारे 'आता तक्रारीचे कारण उरले नाही' असे कळवू नये. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंद करून मी आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, पंख्याच्या तपासणीचे चित्रीकरण, वॉट व तापमानाच्या नोंदी आणि आपला २६ मेचा ईमेल सोबत जोडला आहे. पंखे पाठवताना ते हीटसिंकला धरून ठेवणारे तारेचे चापही पाठवावेत, जुन्यांपैकी एक सैल झाला आहे.

कळावे,

आपली ग्राहक,
नागपूर