मॅगीची ओढ: मन विरुद्ध देह?

महोदय,

जॉर्ज इलियट यांच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०) या कादंबरीवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात, मॅगी टलिव्हरची फिलिप वेकेमकडे असलेली ओढ मनाची आणि स्टीफन गेस्टकडे असलेली निव्वळ देहाची, अशी वाटणी केली आहे. ती मला पटली नाही.

फिलिप पाठीला कुबड असलेला, चित्रे काढणारा, बहुश्रुत तरुण. मॅगीच्या वडिलांच्या हाडवैऱ्याचा मुलगा. रेड डीप्सच्या झाडीत चोरून भेटताना तो तिला पुस्तके देतो आणि तिने कोवळ्या वयात पत्करलेले वैराग्य ही केवळ बधिरता आहे, असे बजावतो. पण तिच्या प्रेमात लहानपणची माया, करुणा आणि त्याला दुखावण्याची धास्ती इतकी मिसळलेली आहे, की ते निखळ बौद्धिक आकर्षण म्हणता येत नाही.

स्टीफनची ओळख इलियट हिऱ्याची अंगठी, गुलाबाचे अत्तर आणि भरदुपारचा निवांतपणा यांनी करून देतात, आणि हे सगळे गावातल्या सर्वांत मोठ्या तेलाच्या गिरणीचे देणे आहे, असा चिमटाही काढतात. लेस्ली स्टीफन यांच्यासारख्या समीक्षकांनी त्याची टर उडवली, ती काही अंशी रास्तच आहे. तरीही लूसीच्या (मॅगीची मावसबहीण; स्टीफन तिच्याशीच लग्न करणार, असे सारे धरून चालले आहेत) दिवाणखान्यातला प्रसंग पाहावा. तिथे दोघेही गातात. फिलिपच्या गाण्याने मॅगी हेलावते, पण तिच्यात जाग्या होतात त्या आठवणी आणि एक शांत खंत. स्टीफनचा खर्जातला आवाज मात्र गरिबीत आणि शाळेतल्या रुक्ष नोकरीत वर्षे काढलेल्या या मुलीला त्या क्षणापुरते सारे विसरायला लावतो. फिलिप तिचा भूतकाळ आहे, स्टीफन वर्तमान. मला तरी खरा विरोध इथे दिसतो. म्हणूनच स्टीफनसोबत नौकेतून वाहत गेल्यावर मडपोर्ट या बंदरात ती त्याला नाकारते, ते तो हलका ठरला म्हणून नव्हे, तर लूसीशी आणि फिलिपशी जुळलेले जुने धागे तिला तोडवत नाहीत म्हणून. आणि परतल्यावर ती फिलिपचा हातही धरत नाही, याचा उलगडा आपल्या लेखातल्या वाटणीने होत नाही.

मॅगीसारखी नायिका स्टीफनकडे ओढली जावी, यावर कादंबरीकार बुल्वर-लिटन यांनी कादंबरी आली त्याच वर्षी आक्षेप घेतला होता. शेवटाकडची मांडणी घाईची झाली, हे इलियट यांनी मान्य केले. ही ओढ मात्र त्यांनी ठामपणे कायम ठेवली.

आपला,
एक वाचक, पुणे